रेसकार्डातले आकडे काय सांगतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

घोड्यांच्या शर्यतीचं कार्ड कसं वाचावं, याबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रत्येक देशातल्या कार्डाची मांडणी थोडी वेगळी असते. जिथे त्या फरकामुळे घोटाळा होऊ शकतो, तिथे तो सांगितला आहे. कोण जिंकणार हे कोणतंच कार्ड सांगत नाही. कोणता घोडा कुठल्या परिस्थितीत चांगला धावला आणि आज तशी परिस्थिती आहे का, हे मात्र त्यातून नेमकं कळतं. पुढची सगळी उत्तरं याच तपासणीची आहेत.

प्रश्न : कार्ड उघडलं की नजर थेट घोड्यांच्या नावांवर आणि भावांवर जाते. जाणकार सुरुवात कुठून करतात?

रेसच्या नावाखालच्या दोन-तीन ओळींपासून. अंतर, वर्ग, अटी आणि ट्रॅकची अवस्था तिथेच छापलेली असते. त्या न वाचता घोडे पाहायला गेलं तर कशाची तुलना कशाशी करायची तेच कळत नाही.

अंतर ब्रिटन आणि अमेरिकेत फर्लांगांत देतात. भारत, हाँगकाँग, जपान, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स इथे मीटरमध्ये. १ फर्लांग म्हणजे २२० यार्ड, म्हणजे सुमारे २०१ मीटर. ८ फर्लांगांचा मैल. त्यामुळे १००० मीटर म्हणजे जवळपास ५ फर्लांग, १२०० म्हणजे ६, १६०० म्हणजे एक मैल आणि २४०० म्हणजे १२ फर्लांग. दोनशे मीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण १२०० मीटरला शेवटच्या पावलापर्यंत जोर टिकवणारा घोडा १४०० मीटरला शेवटच्या टप्प्यात हमखास ढेपाळू शकतो.

मग वर्ग. मेडन म्हणजे अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांची. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन सगळ्यांना सारख्या संधीला आणायचा प्रयत्न असतो. सर्वात वर लिस्टेड आणि ग्रुप ३, २, १. अमेरिकेत ग्रुपऐवजी ग्रेड म्हणतात. हाँगकाँगमध्ये वर्ग सरळ रेटिंगवर, म्हणजे घोड्याच्या कुवतीला दिलेल्या गुणांवर, बांधलेले आहेत: चौथा वर्ग ६० ते ४०, तिसरा ८० ते ६०. म्हणजे चौथ्या वर्गात ६० रेटिंगचा घोडा सर्वात जास्त वजन घेऊन धावतो. पण तो कालपर्यंत तिसऱ्या वर्गातल्या बऱ्या घोड्यांशी झुंजत असू शकतो. तिथे त्याचे ८, ९, ७ असे क्रमांक पाहून त्याला खोडून टाकणं ही अगदी नेहमी होणारी चूक आहे.

अमेरिकेत क्लेमिंग रेस पुष्कळ असतात. त्यात उतरलेला प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विकाऊ असतो. चांगला धावत असलेला घोडा अचानक निम्म्या किमतीच्या रेसमध्ये दिसला, तर खूश होण्याआधी मालकाला तो का नकोसा झाला असेल याचा विचार करा. बऱ्याचदा कारण पायाचं दुखणं असतं.

प्रश्न : नावाच्या डावीकडे ‘०३/१-४पी२’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते कुठल्या बाजूनं वाचायचं?

ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात सर्वात ताजी रेस उजव्या टोकाला असते. काही देशांतल्या कार्डांत ती डावीकडे असते. म्हणून नवीन कार्ड हातात आलं की एका घोड्याच्या तारखावार नोंदी शोधा आणि आकड्यांची दिशा एकदा पडताळून घ्या. उलट्या दिशेनं वाचलं तर सुधारत चाललेला घोडा घसरत चाललेला दिसतो.

तुमचं उदाहरण ब्रिटिश पद्धतीनं वाचू. शेवटच्या रेसमध्ये दुसरा. त्याआधीच्या रेसमध्ये ‘पी’, म्हणजे जॉकीनं घोडा मध्येच थांबवून बाहेर काढला. त्याआधी चौथा. आडवी रेघ हंगाम बदलल्याची खूण, म्हणजे या तिन्ही रेस चालू हंगामातल्या. गेल्या हंगामात एक विजय. तिरकी रेघ त्याहून मोठ्या खंडाची. मधला एक हंगाम घोडा धावलाच नाही. त्यापूर्वी तिसरा आणि शून्य. शून्य म्हणजे पहिल्या नवात नाही. दहावा असेल नाहीतर विसावा. इतर अक्षरं मुख्यतः अडथळ्यांच्या शर्यतीत भेटतात: ‘एफ’ घोडा पडला, ‘यू’ जॉकी खाली आला, ‘बी’ दुसऱ्या पडलेल्या घोड्यामुळे हा कोसळला, ‘आर’ उडी मारायला नकार दिला. ‘बी’मध्ये घोड्याचा काहीच दोष नसतो, दोनदा ‘आर’ असेल तर तो स्वभावाचा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियन कार्डात आकड्यांच्या मध्ये ‘एक्स’ दिसतो. तो तीन महिने किंवा जास्त विश्रांतीचा.

नावाशेजारी ‘सी’, ‘डी’, ‘सीडी’, ‘बीएफ’ अशी अक्षरंही असतात. सी म्हणजे याच रेसकोर्सवर जिंकलेला, डी म्हणजे याच अंतरावर जिंकलेला, सीडी म्हणजे दोन्ही एकाच रेसमध्ये. सी आणि डी सुटे छापलेले असतील तर ते दोन वेगवेगळे विजय आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बीएफ म्हणजे मागच्या रेसमध्ये फेव्हरेट, म्हणजे सर्वात कमी भावाचा, असून हरलेला.

आणखी एक लहानसा आकडा, ब्रिटिश कार्डात नावाजवळच असतो: शेवटच्या रेसला किती दिवस झाले. १५ ते ४० दिवस म्हणजे नेहमीचं अंतर. २०० दिवस असतील तर हा घोडा मोठ्या विश्रांतीनंतर येतो आहे. अशा वेळी त्याच्या मागच्या विश्रांतीनंतरची पहिली धाव शोधा. काही घोडे ताजेतवाने असतानाच उत्तम धावतात, काहींना अंग मोकळं व्हायला एक-दोन रेस लागतात, आणि ही सवय वर्षानुवर्षं सहसा बदलत नाही.

प्रश्न : मागच्या वेळी दुसरा आलेला घोडा सहाव्या आलेल्यापेक्षा चांगला, असं धरून चाललं तर काय बिघडतं?

कधी काही बिघडत नाही, कधी सगळंच. चार घोड्यांच्या रेसमध्ये आठ लेंग्थनं मागे राहून दुसरा आलेला आणि वरच्या वर्गात सोळा घोड्यांमध्ये तीन लेंग्थनं हरून सहावा आलेला, यांत सहाव्या आलेल्या घोड्याचं काम कितीतरी मोठं आहे. म्हणून क्रमांकाबरोबर किती अंतरानं हरला ते वाचा. एक लेंग्थ म्हणजे घोड्याची लांबी, साधारण २.४ मीटर, सपाट शर्यतीत सेकंदाला पाच-सहा लेंग्थ पार होतात. त्याहून बारीक फरक नाक, शॉर्ट हेड, हेड आणि नेक असे लिहितात.

तपशीलवार कार्डात प्रत्येक रेसबद्दल एक-दोन ओळींचा शेरा असतो: उशिरा सुटला, वळणावर अडला, शेवटी वाट मिळाली नाही, पूर्ण वळण बाहेरून काढलं. हे शेरे पैसे लावणाऱ्यासाठी सोन्यासारखे आहेत. बाहेरून वळण काढण्याची किंमत तर मोजताही येते. रेलिंगपासून एक मीटर बाहेर राहून अर्धवर्तुळाकार वळण काढलं की सुमारे ३.१ मीटर जास्त धावावं लागतं. घोडा दोन मीटर बाहेर असेल तर सहा मीटरपेक्षा थोडं जास्त, म्हणजे अडीच लेंग्थ. दोन लेंग्थनं हरलेल्या अशा घोड्याला पुढच्या वेळी आतली वाट मिळाली, तर तो त्याच घोड्यांना मागे टाकू शकतो.

मात्र एखाद्या घोड्याच्या पाच रेसना पाच वेगवेगळी कारणं लिहिलेली असतील तर सावध व्हा. दरवेळी उशिरा सुटणारा घोडा आजही उशिरा सुटण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : वजनाचा रकाना मला समजतच नाही. एक-दोन किलोंनी एवढ्या मोठ्या जनावराला काय फरक पडणार?

एकट्या धावणाऱ्या घोड्याला फारसा पडणार नाही. पण हँडिकॅपमध्ये रेसचा निकाल एका नेकनं लागतो आणि तिथे एक किलो पुरेसा ठरतो.

आधी रकान्यात काय धरलेलं असतं ते पाहू. छापलेलं वजन म्हणजे जॉकी, खोगीर आणि कमी पडलं तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत घातलेल्या शिशाच्या पट्ट्या, सगळं मिळून. जॉकीला रेसआधी आणि रेसनंतरही या सामानासकट वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. ब्रिटनमध्ये वजन स्टोन आणि पौंडांत असतं: ९-७ म्हणजे ९ स्टोन ७ पौंड. स्टोनमध्ये १४ पौंड, म्हणून एकूण १३३ पौंड, म्हणजेच सुमारे ६०.३ किलो. जॉकी ठरल्यापेक्षा जड असेल तर ‘ओव्हरवेट’ म्हणून वेगळं जाहीर करतात. ते वजन घोड्याला फुकटच वाहावं लागतं.

हँडिकॅपमधलं वजन रेटिंगवरून निघतं. ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये रेटिंगचा एक गुण म्हणजे एक पौंड. ऑस्ट्रेलियात एक गुण म्हणजे अर्धा किलो. आता वजन आणि लेंग्थ यांची सांगड. हँडिकॅप करणारे पूर्वापार असा हिशेब धरतात: ५ फर्लांगांना एक लेंग्थ म्हणजे ३ पौंड, मैलाला सुमारे २ पौंड, १२ फर्लांगांना दीड, आणि दोन मैलांना १ पौंड. अंतर वाढेल तशी एका लेंग्थची किंमत कमी होते, कारण लांब शर्यतीत तेवढंच वजन जास्त लेंग्थचा फरक पाडतं.

एक उदाहरण सोडवू. १६०० मीटरच्या रेसमध्ये ‘क’नं ‘ख’ला दोन लेंग्थनं हरवलं, दोघांवर ५७ किलो होते. आज त्याच अंतरावर ‘क’वर ५९ आणि ‘ख’वर ५५.५ किलो आहेत. फरक साडेतीन किलोंचा, म्हणजे सुमारे ७.७ पौंड. मैलाला दोन लेंग्थ म्हणजे ४ पौंड. म्हणजे जुनी हार भरून काढूनही ‘ख’च्या हाती साडेतीन पौंडांपेक्षा जास्त उरतात, आणि कागदावर तो आज पावणेदोन-दोन लेंग्थनं पुढे येतो. हा निष्कर्ष तेव्हाच खरा, जेव्हा मागच्या वेळी ‘क’ सगळा जोर लावून जिंकला होता. तो लगाम खेचून धरलेल्या अवस्थेत सहज जिंकला असेल, तर दोन लेंग्थचा आकडाच फसवा आहे. हिशेबाआधी शेरा वाचायचा तो यासाठी.

वजनाच्या रकान्यात आणखी तीन गोष्टी दडलेल्या असतात. शिकाऊ जॉकीची सूट: ब्रिटनमध्ये अनुभवाप्रमाणे ७, ५ किंवा ३ पौंड वजा होतात, आणि हा आकडा जॉकीच्या नावापुढे छापतात. मोठ्या रेसमध्ये ही सूट अनेकदा चालत नाही. दुसरी, पेनल्टी: वजनं जाहीर झाल्यावर घोडा मधल्या काळात जिंकला तर त्याच्यावर ठरावीक जादा वजन चढतं. हँडिकॅपरनं नव्यानं रेटिंग काढलं असतं तर त्याहून जास्त चढलं असतं, असं दिसलं की तो घोडा आज फायद्यात आहे. तिसरी, किमान वजन: एखाद्या घोड्याचं रेटिंग इतकं कमी असतं की त्याला खरं तर ४८ किलो मिळायला हवेत, पण रेसचं किमान वजन ५० आहे. तो दोन किलो अन्याय सोसून धावतो. तळातल्या घोड्यावर हलकं वजन दिसतं म्हणून हुरळून जाऊ नये.

वयाप्रमाणे वजन देण्याचा तक्ता १९व्या शतकात इंग्लंडच्या ॲडमिरल राऊस यांनी बसवला. आजचे तक्ते त्याचाच विस्तार आहेत. कार्डावरचं वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीला वाढतं आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये १ ऑगस्टला, मग शिंगरू जन्मलं कधीही असो. त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेला आणि मे महिन्यात जन्मलेला दोघे कार्डावर ‘२ वर्षं’च, पण एवढ्या कोवळ्या वयात तीन महिन्यांचा फरक अंगापिंडावर स्पष्ट दिसतो. युरोपात मादीला नरांविरुद्ध सहसा ३ पौंडांची सूट मिळते, तीही याच रकान्यात आधीच वजा केलेली असते.

प्रश्न : एका घोड्याला दोन नंबर का असतात?

मोठा नंबर खोगिराखालच्या कापडाचा. पैसे याच नंबरावर लावायचे. लहान, बहुतेक वेळा कंसातला, नंबर घोडा जिथून सुटतो त्या गेटचा, म्हणजे ड्रॉ. टोटच्या, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीच्या, खिडकीवर चुकून ड्रॉचा नंबर सांगितला की तिकीट भलत्याच घोड्याचं निघतं, म्हणून तिकीट हातात येताच नाव पाहून घ्या. अमेरिकेत एकत्र जोडलेले घोडे १ आणि १ए असे असतात. एका तिकिटात दोन्ही येतात.

ड्रॉचं महत्त्व ट्रॅकवर अवलंबून आहे. इंग्लंडमधल्या चेस्टरचा ट्रॅक जेमतेम एका मैलाचा आणि सतत वळणारा आहे. तिथे कमी अंतराच्या रेसमध्ये आतला गेट मिळणं म्हणजे मोठीच जमेची बाजू. सरळ पट्ट्यावरच्या रेसमध्ये वळण नसतं. तिथे प्रश्न असतो की कुठल्या बाजूची जमीन बरी आहे आणि वेगानं सुटणारे घोडे कुठल्या बाजूला आहेत. त्या दिवशीच्या आधीच्या एक-दोन रेस सरळ पट्ट्यावर झाल्या असतील तर घोडे कुठून जिंकले ते पाहा. आणि घोडे मागे घेतले गेले असतील तर बाहेरच्या गेटचा घोडा किती आत आला तेही मोजा.

प्रश्न : ट्रॅक मऊ आहे की कडक, याचा विचार किती करावा? आणि पुढे धावणारा घोडा चांगला की मागून येणारा?

ट्रॅकचा विचार पहिल्या तीन गोष्टींत करावा. ब्रिटनमध्ये गवताच्या ट्रॅकचं वर्णन कडकपासून हार्ड, फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी असं उतरत जातं. ऑस्ट्रेलियात त्याला आकडे दिले आहेत: १-२ फर्म, ३-४ गुड, ५ ते ७ सॉफ्ट, ८ ते १० हेवी. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकला फास्ट, गुड, मडी, स्लॉपी असे शब्द आहेत. इथलं ‘गुड’ आणि गवतावरचं ‘गुड’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. मातीवर तो किंचित ओल्या ट्रॅकचा शेरा आहे.

घोड्याच्या प्रत्येक विजयासमोर ट्रॅकची अवस्था लिहिलेली असते. चारही विजय सॉफ्टवर आणि फर्मवर सहा रेसमध्ये एकदाही पहिल्या तिनात नाही, असं दिसलं तर त्याच्यासाठी आज पाऊस हवा. एका विजयावरून मात्र असा निष्कर्ष काढू नका. आणि सकाळी छापलेलं ‘गुड’ दुपारच्या एका सरीनं बदलतं, म्हणून रेसच्या आधीची ताजी घोषणा पाहायलाच हवी.

पुढे की मागे, याचं उत्तर एका घोड्याकडे पाहून मिळत नाही. सगळ्यांचे शेरे वाचावे लागतात. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक नावापुढे खूण करा: पुढे धावणारा, मधला, मागचा. पुढे धावणारा एकच असेल तर त्याला कुणी डिवचत नाही. तो आपल्या चालीनं धावतो, दम राखतो आणि सरळ पट्ट्यावर येईपर्यंत त्याच्याकडे जोर शिल्लक असतो. असे तीन-चार असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं काम सोपं होतं. कार्डावरून काढता येणारं हे सर्वात मोलाचं अनुमान आहे, कारण ते कुठल्याच रकान्यात आयतं छापलेलं नसतं.

प्रश्न : ‘बी१’, ‘टी’, ‘डब्ल्यू१’ या खुणा कशाच्या?

पहिल्या दोन घोड्याच्या तोंडावरच्या साहित्याच्या, तिसरी शस्त्रक्रियेची. ब्रिटिश पद्धतीत बी म्हणजे ब्लिंकर, व्ही म्हणजे व्हायझर, एच म्हणजे हूड (डोक्यावरून कान झाकणारं आवरण), पी म्हणजे चीकपीस (गालांजवळच्या लोकरीच्या पट्ट्या), टी म्हणजे जीभ बांधलेली. ब्लिंकरच्या वाट्या मागचं आणि बाजूचं दिसणं बंद करतात. व्हायझरमध्ये त्याच वाटीला फट असते, म्हणजे शेजारचा घोडा थोडा दिसतो. अक्षरापुढचा १ म्हणजे हे साहित्य पहिल्यांदाच. पहिल्या वेळी परिणाम मोठा असतो, चांगला किंवा वाईट. लक्ष उडणारा घोडा एकदम नेटानं धावतो. आधीच तापट असलेला सुरुवातीलाच सगळी ताकद उधळतो. म्हणून १ दिसला की घोड्याचे जुने शेरे वाचून तो आळशी आहे की तापट, ते ठरवा.

डब्ल्यू म्हणजे श्वासमार्गाची शस्त्रक्रिया झाल्यानंतरची धाव. ब्रिटनमध्ये ती जाहीर करणं २०१८ पासून बंधनकारक आहे. शेवटच्या टप्प्यात अचानक थांबल्यासारखा होणाऱ्या घोड्याच्या बाबतीत ही खूण महत्त्वाची. अमेरिकन कार्डात ‘एल’ दिसतो; तो रेसमध्ये फुफ्फुसातला रक्तस्राव रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लॅसिक्स या औषधाचा.

प्रश्न : जो घोडा अजून धावलाच नाही, त्याचं कार्डात वाचायचं काय?

फार थोडं. बाप आणि आईचा बाप यांच्या पिल्लांना कमी अंतर मानवतं की लांब, आणि ट्रेनरचे नवे घोडे पहिल्याच रेसमध्ये जिंकतात की दोन-तीन रेसनंतर, एवढ्या दोन गोष्टी उपयोगी पडतात. जपानमध्ये रेसच्या दिवशी घोड्याचं वजन आणि मागच्या रेसपेक्षा पडलेला फरक जाहीर करतात, उदाहरणार्थ ४८० (+४). एकदम १५-२० किलोंचा चढउतार असेल तर तो ध्यानात घ्यावा, पण पहिल्या धावेच्या घोड्याला तुलनेला मागचा आकडाच नसतो. निम्मे घोडे न धावलेले असतील तर ती रेस पाहायची, लावायची नाही.

प्रश्न : मोठा जॉकी बसला की घोडा लावावा का?

बसला म्हणून नाही. तो कुठला घोडा सोडून इथे आला ते पाहा. एकाच ट्रेनरचे दोन घोडे असतील आणि त्याचा नेहमीचा जॉकी कमी भावाचा घोडा सोडून दुसऱ्यावर बसत असेल, तर ती खरी खबर. एरवी मोठ्या नावामुळे भाव आधीच पडलेला असतो आणि तुम्ही त्या नावाचे पैसे भरता.

प्रश्न : ५/२, ३.५, इव्हन्स… भाव कसे वाचायचे, आणि भाव चांगला आहे हे कशावरून ठरवायचं?

५/२ म्हणजे २ लावले तर ५ नफा. १० लावले तर २५ नफा आणि मूळचे १०, मिळून ३५ हाती येतात. दशांश पद्धतीत हाच भाव ३.५, त्यात मूळ रक्कम धरलेली असते. इव्हन्स म्हणजे १/१, दशांशात २. कार्डावर छापलेला भाव हा रेसच्या आधीचा नुसता अंदाज असतो. तो कुणी तुम्हाला देईलच असं नाही.

प्रत्येक भावातून जिंकण्याची टक्केवारी निघते: १०० भागिले दशांश भाव. ३.५ म्हणजे २८.६ टक्के. आता एका रेसमधले सहाही भाव घेऊ: २.५, ३.५, ५, ८, १० आणि १५. टक्केवारी अनुक्रमे ४०, २८.६, २०, १२.५, १० आणि ६.७. बेरीज ११७.८. खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च असते, वरचे १७.८ हा भाव देणाऱ्याचा फायदा. बेरीज जितकी जास्त, तितका तुमच्या खिशावर भार जास्त. १३०च्या वर गेलेल्या रेसमध्ये हात घालू नये.

टोटची रीत वेगळी. तिथे लावलेले सगळे पैसे एकत्र होतात, ठरलेला हिस्सा कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते. ही पद्धत जोसेफ ओलेर यांनी १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये सुरू केली. ती यंत्रावर चालवण्याचा जॉर्ज ज्युलियस यांचा टोटलायझेटर १९१३ मध्ये ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर बसला. टोटच्या फलकावरचा आकडा रेस सुटेपर्यंत बदलत राहतो, त्यामुळे पाच मिनिटं आधी दिसलेला भाव हाती पडेलच असं नाही.

भाव चांगला आहे का, हे ठरवायला आधी स्वतःची टक्केवारी मांडावी लागते, आणि तीही भाव न पाहता. घोडा चारांतून एकदा जिंकेल, म्हणजे २५ टक्के, असं तुमचं मत असेल तर ४ हा त्याचा बरोबरीचा भाव. बाजारात ५ मिळत असेल तर लावावा, ३ असेल तर तोच घोडा सोडावा. फेव्हरेट साधारण तीनांतून एक रेस जिंकतात. तरी डोळे मिटून दर फेव्हरेट लावणारा तोट्यातच राहतो, कारण भाव तेवढा मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, ५०-१०० भावाच्या घोड्यांवर तर नुकसान त्याहून जास्त होतं.

प्लेसबद्दल, म्हणजे घोडा पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर पैसे लावण्याबद्दल, ब्रिटनमधला नियम माहीत असावा: ५ ते ७ घोडे असतील तर दोन प्लेस, ८ किंवा जास्त असतील तर तीन, १६ किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये चार. बरोबर आठ घोडे असताना एक मागे घेतला गेला की तिसरी प्लेस उडते. विन (घोडा जिंकण्यावर) आणि प्लेस दोन्ही मिळून लावणाऱ्यांनी हाही हिशेब करावा: प्लेसला भावाच्या एक-पंचमांश मिळत असेल, तर १०/१ चा घोडा नुसता प्लेसमध्ये आला तरी २ लावून ३ परत येतात, ३/१ चा घोडा आला तर २ लावून फक्त १.६. या अटीवर ५/१ च्या खाली प्लेसचा आधार मिळत नाही, फक्त तोटा कमी होतो.

प्रश्न : दोन रेसमध्ये अर्धाच तास मिळतो. एवढं सगळं तपासायचं कधी?

बरंचसं आदल्या रात्री. कार्ड मिळालं की सहा-सात रेसमधून दोन किंवा तीन निवडा: ज्यांत बहुतेक घोडे या अंतरावर धावलेले आहेत आणि घोड्यांची संख्या आठ ते बाराच्या आसपास आहे. निवडलेल्या रेसचा मथळा वाचा. अंतर आणि ट्रॅक यांवर साफ न बसणारे घोडे खोडा. उरलेल्या चार-पाचांचं वजन, ड्रॉ आणि पुढे-मागे धावण्याच्या खुणा मांडा. शेवटी प्रत्येकापुढे आपली टक्केवारी लिहा. खोडलेल्या घोड्यांना मिळून १०-१५ टक्के ठेवा, नाहीतर उरलेल्यांचे आकडे फुगतात. दिवसभरात किती रक्कम लावायची ते याच वेळी, शांत डोक्यानं, कार्डाच्या कोपऱ्यात लिहून टाका, आणि ती हरली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच असू द्या.

रेसकोर्सवरच्या अर्ध्या तासात मग फक्त बदल तपासायचे उरतात: कोण मागे घेतला, जॉकी बदलला का, ओव्हरवेट किती, ट्रॅकची नवी अवस्था काय, ब्लिंकर काढले की चढवले. यातला एखादा बदल तुमच्या घोड्याला बाधत असेल तर टक्केवारी खाली आणा आणि मगच भावाच्या फलकाकडे पाहा. तुम्ही खुणा केलेला पुढे धावणारा एकमेव घोडाच मागे घेतला गेला असेल, तर रेसचा सगळा हिशेब बदलतो. तो नव्यानं मांडायला वीस मिनिटं पुरत नसतील तर ती रेस सोडा आणि निवडलेल्या पुढच्या रेसचं पान काढा.